ज्याची त्याची रेघ : प्रस्तावना

हे पुस्तक चित्रकारांसाठी लिहिलेलं नाही. शाळेत चित्रकलेचा शेवटचा कागद जमा केल्यावर ज्यांनी पेन्सिल हातात धरली ती फक्त हिशेबापुरती, त्यांच्यासाठी ते आहे. ज्यांच्या वाट्याला चित्रकलेचा तासच आला नाही, त्यांच्यासाठी आहे. पहिलीतल्या नातीसाठी आहे आणि तिच्या आजोबांसाठीही. दुपारी गल्ल्यावर गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्या दुकानदारासाठी, हरभरा निघाल्यावर थोडी उसंत मिळणाऱ्या शेतकऱ्यासाठी, आणि घरादाराचं आटोपल्यावर जिच्या हाती दिवसातला जेमतेम थोडा वेळ उरतो त्या बाईसाठी आहे. डोणगावात बसून ते लिहिलं, म्हणून त्यातली भांडी, झाडं, अवजारं आणि देवळं मेहकर-लोणारच्या परिसरातली आहेत. दुसऱ्या गावच्या वाचकांनी ती खुशाल बदलून घ्यावीत. पद्धत तीच राहील.

सांगायचं आहे ते एवढंच : चित्र काढणं ही निवडक माणसांना मिळालेली देणगी नव्हे. ते शिकता येतं, कुठल्याही वयात शिकता येतं, आणि चित्रकार व्हायचं नसलं तरी शिकण्याजोगं आहे.

चित्राचा विषय काढला की गावात ठरलेलं उत्तर मिळतं, "मले नाही येत बा चित्र काढता." हे म्हणणारी बाई रोज सकाळी सडा टाकून उंबऱ्यापुढे बसते. चिमटीतून ठिपके सोडते, मोजपट्टी न घेता त्यांच्यातलं अंतर सारखं ठेवते, आणि एका ठिपक्याला वळसा घालून निघालेली रेघ बरोबर जिथून निघाली तिथे आणून सोडते. नागपंचमीला ती भिंतीवर नाग काढते. तिचा नवरा पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची शिंगं रंगवतो. बैल मान हलवत असतो, तरी दोन्ही शिंगांवरचे पट्टे जोडीचे येतात. दोघांनाही आपलं नाव देवनागरीत लिहिता येतं. 'क्ष', 'ळ' आणि 'ज्ञ' ही अक्षरं ज्याला वळणदार काढता येतात, त्याच्या हाताला चित्रासाठी लागणाऱ्या सगळ्या रेघा आधीच आल्या आहेत. तेव्हा हाताची तक्रार नाही. अडतं ते मनात बसलेल्या भीतीपाशी, आणि ती कुठून आली हे पाहायला हवं.

महाराष्ट्रातल्या कलाशिक्षणाची सुरुवात सांगताना 1857 हे साल येतं. त्या वर्षी मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून कलाशाळेचे वर्ग सुरू झाले. तीच आजची सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. इथल्या कारागिराचा हात आणि डोळा तयार व्हावा, त्याच्या मालाला घाट यावा, हा त्यामागचा विचार होता. योगायोग असा, की त्याच वर्षी लंडनमध्ये जॉन रस्किन यांचं 'द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग' हे पुस्तक प्रसिद्ध झालं. रस्किन तिथल्या वर्किंग मेन्स कॉलेजात कामकऱ्यांना चित्र काढायला शिकवत. सुताराला चित्रकार बनवण्यासाठी त्यांची धडपड नव्हती. सुताराने सुतारच राहावं, पण डोळे उघडे ठेवून आणि अधिक आनंदाने जगावं, एवढ्यासाठी होती. कसबासाठी चित्र आणि पाहण्यासाठी चित्र असे हे दोन रस्ते. आपल्या शाळांमध्ये पहिला रस्ता आला आणि पुढे तो परीक्षेला जाऊन मिळाला.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना आजही दरवर्षी राज्यभरातून मोठ्या संख्येने मुलं बसतात. 1965 साली स्थापन झालेलं कला संचालनालय त्या घेतं. या परीक्षांचं ऋण मोठं आहे. जिथे चित्रांचं दालन कधी उघडलं नाही अशा गावांतही त्यांच्यामुळे ड्रॉइंग बोर्ड, रंगपेटी आणि कलाशिक्षक पोचले. पण त्यांना दहावीच्या वाढीव गुणांची जोड मिळाली आणि गुण हेच चित्र काढण्याचं कारण होऊन बसलं. श्रेणीचा कागद हाती पडला की रंगपेटी माळ्यावर जाते. पंधराव्या वर्षी ज्याला 'क' श्रेणी मिळाली, तो पन्नाशीतही स्वतःला 'क' श्रेणीचाच समजत राहतो. धावण्याच्या शर्यतीत मागे पडलेला मुलगा पुढे आयुष्यभर चालतोच. चित्राच्या बाबतीत मात्र आपण चालणंही सोडून दिलं.

म्हणून या पुस्तकाच्या तीन भागांना मुद्दाम त्या जुन्या प्रश्नपत्रिकांचीच नावं दिली आहेत : वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र. नावं चांगली आहेत. त्यांच्यामागची गुणांची शेपटी तेवढी कापायची आहे.

पहिला भाग वस्तुचित्राचा. घरातला तांब्या समोर स्टुलावर ठेवा आणि जमिनीवर बसून तो डोळ्यांच्या रेषेत आणा. त्याचं तोंड गोल आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, पण आता तिथे दिसेल ती एक आडवी रेघ. मग हळूहळू उभे राहा. ती रेघ उघडत जाते, तिचं लंबवर्तुळ होतं, आणि अगदी वरून वाकून पाहिलं तेव्हा कुठे त्याचा पुरता गोल होतो. तांब्या तोच, तोंड तेच, पण प्रत्येक उंचीवरून आकार निराळा. आता बुडाकडे या. पहिल्यांदा तांब्या काढणारे बहुतेक सगळे बुडाशी सरळ रेघ मारतात, कारण तांब्या सपाट टेकलेला आहे हे त्यांना माहीत असतं. प्रत्यक्षात बूड डोळ्यांपासून तोंडापेक्षा अधिक खाली असतं, म्हणून तिथली रेघ तोंडाच्या रेघेपेक्षाही जास्त गोलाई घेते. ही एक रेघ बरोबर आली की कागदावरचा तांब्या एकदम जागेवर बसतो आणि त्यात पाणी मावेलसं वाटू लागतं.

वस्तुचित्र शिकायचं ते याच्यासाठी. हात काढत असतो ते माहीत असलेलं, दिसणारं नाही. चाळीस वर्षं रोज हाताळलेल्या तांब्याचं बूड आपण पाहिलेलंच नसतं. शाळकरी मुलाला चित्र काढ म्हटलं तर तो दोन त्रिकोणी डोंगर काढतो, मधे अर्धा सूर्य, खाली झोपडी, झोपडीवरून वाहणारी नदी आणि काठावर नारळाचं झाड. त्याच्या खिडकीबाहेर कडुनिंब असतो, बांधावर बाभूळ असते, उन्हाळ्याच्या तोंडाशी पळस फुललेला असतो. नदीकाठचा नारळ त्याने पाहिलेला नसतो. ते चित्र त्याने दुसऱ्या मुलाच्या वहीतून घेतलं आणि दुसऱ्याने तिसऱ्याच्या. एकदा बाभळीखाली बसून तिची फांदी काढली, काटे जोडीने कसे येतात, पानांच्या बारीक पर्णिका देठावर कशा समोरासमोर बसतात हे पाहिलं, की ते त्रिकोणी डोंगर आपोआप मागे पडतात.

दुसरा भाग स्मरणचित्राचा, आणि इथे पहिल्या भागातला नियम उलटतो. वस्तुचित्रात ठाऊक असलेलं बाजूला ठेवायचं असतं; स्मरणचित्रात ते सगळं पणाला लावायचं असतं. साधी परीक्षा घेऊन पाहा. बैलाचं तोंड मनाने काढा. शिंग कुठून निघतं? कान शिंगाच्या वर असतो की खाली? शहरातला माणूस इथे अडखळतो आणि कान डोक्याच्या टोकावर नेऊन बसवतो. ज्याने आयुष्यभर बैलाच्या कपाळावरून हात फिरवला, तो कान शिंगाच्या खाली, बाजूला काढतो, तोही विचार न करता.

यामुळे गावातल्या वयस्कर माणसांकडे मला मोठ्या आशेने पाहावंसं वाटतं. चाड्यावर मूठ धरून पेरणी केलेली माणसं अजून आपल्यात आहेत. तिफणीचे तीन फण, फणांत उतरणाऱ्या नळ्या, वरचं चाडं, दांडी, दोराची बांधणी, हे सगळं त्यांच्या हातांना पाठ आहे. ट्रॅक्टरमागच्या पेरणी यंत्रावर वाढलेल्या मुलांनी लाकडी तिफण पाहिली असेल तर गोठ्याच्या कोपऱ्यात, धूळ खाताना. चित्रकलेची पदवी घेतलेला माणूस तिचा देखणा फोटो पाहून देखणं चित्र काढील, पण नळी फणात कशी बसते आणि दाणा कुठून कुठे जातो हे त्याच्या चित्रात नेमकं उतरेलच असं नाही. तिफण हाकलेल्या आजोबांनी थरथरत्या हाताने काढलेल्या वेड्यावाकड्या रेघांत मात्र ते असणार. तेच जात्याचं, उतरंडीचं, मोटेचं, आजीच्या हातावरल्या गोंदणाचं. या वस्तू जाणणारी माणसं आहेत तोवर त्यांच्याच हातून त्या कागदावर याव्यात, ही या पुस्तकामागची एक मोठी ओढ आहे.

स्मरणाचा आणि चित्राचा संबंध संशोधकांनीही तपासला आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या काही मानसशास्त्रज्ञांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना साधे शब्द दिले. काही शब्द लिहून काढायचे आणि काहींचं चित्र काढायचं. नंतर आठवायला सांगितलं तेव्हा चित्र काढलेले शब्द जास्त आठवले. चित्र चांगलं आलं की ओबडधोबड, याने फरक पडला नाही. 2018 साली त्यांनी म्हाताऱ्या माणसांबरोबर हाच प्रयोग केला आणि त्यांनाही तसाच फायदा झालेला दिसला. चित्र काढताना वस्तूचा अर्थ, तिचा आकार आणि हाताची हालचाल तिन्ही एकत्र येतात, म्हणून ती मनात पक्की रुजते, असं त्यांचं म्हणणं आहे. अभ्यासाला बसलेल्या पोरांनीही हे ध्यानात घ्यावं. फुलाच्या भागांची नावं दहा वेळा घोकण्यापेक्षा एक धोतऱ्याचं फूल उभं चिरून समोर ठेवावं आणि काढावं. फक्त नंतर हात स्वच्छ धुवावेत, कारण धोतरा विषारी असतो.

तिसरा भाग संकल्पचित्राचा, म्हणजे मनाने रचलेल्या आकृत्यांचा. तो उंबऱ्यापाशीच सुरू होतो. इथे उदाहरण द्यायचं तर वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचंच द्यावं लागेल. वारली घरांत लग्नाच्या वेळी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याचं काम बायकांचं. मशे यांनी ते पुरुष असून हाती घेतलं, लग्नसराईपुरतं न ठेवता रोजचं केलं आणि भिंतीवरून कागद-कापडावर आणलं. सामग्री तीच राहिली : त्रिकोण, वर्तुळ, रेघ आणि पांढरा रंग. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस उभा राहतो. वरचा त्रिकोण थोडा कलला की तो नाचायला लागतो. एवढ्या भांडवलावर त्यांनी शेती, मासेमारी, मुंग्यांची वारुळं, सगळं जग मांडलं. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडच्या गोपद्मांत, ठिपक्यांच्या रांगोळीत, भुलाबाईभोवतीच्या सजावटीत हेच भांडवल पडून आहे. संकल्पचित्राच्या भागात ते वहीत उतरवायला सांगितलं आहे. रांगोळी संध्याकाळी पुसली जाते. ती काढणारीची वही मात्र तिच्या नावाने राहील.

आता वयाबद्दल. रवींद्रनाथ टागोर यांनी चित्रांकडे गांभीर्याने पाहिलं ते साठी ओलांडल्यावर. कवितेच्या हस्तलिखितातल्या खाडाखोडीला रेघांनी जोडता जोडता त्यांना आकार दिसू लागले. 1930 साली पॅरिसला त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं तेव्हा ते सत्तरीकडे झुकले होते, आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत त्यांनी शेकड्यांनी चित्रं काढली. आपल्या मराठीत अनिल अवचट होते. ते डॉक्टर, लेखक, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या कामात बुडालेले. चित्रकलेचं शिक्षण न घेता ते चित्रं काढत राहिले, आणि 'छंदांविषयी' या पुस्तकात त्यांनी अशा आपल्या आवडींबद्दल मोकळेपणाने लिहिलं. या दोघांची नावं मोठी आहेत म्हणून बिचकू नका. त्यांच्याकडून घ्यायचं ते इतकंच, की त्यांनी कुणाची परवानगी मागितली नाही.

लहान मुलांच्या आईवडिलांना एक कळकळीची विनंती आहे. आयत्या छापलेल्या चित्रात रंग भरायची पुस्तकं थोडी दूर ठेवा आणि कोरे कागद द्या. मुलाने काढलेला हत्ती उंदरासारखा दिसला तरी त्याच्या हातातली पेन्सिल घेऊन तो दुरुस्त करू नका. "हे काय काढलंस?" असं विचारण्याऐवजी "मला सांग ना याच्यात काय काय चाललंय," असं म्हणा. आणि शाळेचा प्रकल्प रात्री जागून तुम्ही पुरा करू नका. त्यापेक्षा त्याच्या शेजारी बसून तुमचं स्वतःचं चित्र काढा. आपली आई चुकते आणि तरी काढत राहते, हे पाहणं मुलाला दहा सूचनांपेक्षा जास्त शिकवतं.

वयस्करांना हात कापतो याची लाज वाटते. कापणाऱ्या रेघेने काही बिघडत नाही. कागद मोठा घ्या, पेन्सिलीऐवजी जाड स्केचपेन घ्या, खांद्यापासून हात हलवा. नजर अधू असेल तर उजेडात, अंगणात बसा आणि एकच वस्तू मोठी काढा.

हात थोडा बसला की गावाबाहेर पडायचं आहे. चित्र काढणाऱ्याच्या दृष्टीने आपला मुलूख श्रीमंत आहे. लोणारचं विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे. काठावर उभं राहिलं तर ते मोबाइलच्या चौकटीत मावत नाही, कागदावर मात्र मावतं, कारण काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते आपण ठरवतो. लोणारच्याच दैत्यसूदन मंदिराच्या बाहेरच्या भिंती कोनाकोनांनी पुढे-मागे होत जातात. सकाळच्या तिरप्या उन्हात एक कोन उजळतो, लगतचा सावलीत जातो. छायाप्रकाश शिकायला याहून चांगली शाळा नाही. सिंदखेडराजाला राजवाड्याचा दरवाजा आहे, मेहकरला पैनगंगेचा काठ आहे.

पैनगंगा ज्या अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, त्याच डोंगररांगेतल्या लेण्यांनी एक गोष्ट शिकवून ठेवली आहे. रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून वर्षानुवर्षं खपून तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स यांनी जे. जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन 1872 ते 1885 या काळात पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळ लंडनमधल्याच दुसऱ्या आगीत गेल्या. कागद आणि कापड जळालं. पण त्या अंधाऱ्या लेण्यांत बसून बोधिसत्त्वाच्या भुवईची, बोटांची रेघ आपल्या हाताने पुन्हा ओढलेल्या मुंबईच्या तरुणांनी जे पाहिलं, ते त्यांच्या डोळ्यांतून कुणी काढून घेऊ शकलं नाही. चित्र राहो न राहो, काढणारा बदललेला असतो.

"मोबाइल असताना काढायचं कशाला?" असंही विचारतात. फोटो जरूर काढा. पण फोटोला एक क्षण लागतो आणि तो काढून आपण पुढे सरकतो. चित्रासाठी त्याच वस्तूपुढे पाव तास बसावं लागतं. तेवढ्या वेळात ऊन सरकतं, झाडावर पाखरू येतं, शेजारून जाणारा माणूस थांबून दोन शब्द बोलतो. बसण्याचा हा वेळच आपल्या दिवसातून हरवत चालला आहे.

सामान थोडं लागतं. 2बी आणि 4बी अशा दोन पेन्सिली आणि एक कोरी वही. 1931 साली दांडेकर बंधूंनी सुरू केलेल्या कंपनीचा 'कॅमल' हा शिक्का आपल्या स्टेशनरीच्या दुकानात पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा आहे. तिथे मिळतं तेवढं पुरे. पेन्सिल नसली तर बॉलपेन चालेल, उलट ते बरं, कारण ते खोडता येत नाही. खोडरबर पहिले दोन महिने वापरू नका. चुकलेली रेघ तशीच राहू द्या आणि तिच्या शेजारी बरोबर रेघ ओढा. दोन्ही पाहून पुढची रेघ सुधारते. रोज पाव तास काढा, खाली तारीख टाका. विहिरीच्या काठावर बसून पोहणं येत नाही, तसं नुसतं पुस्तक वाचून चित्र येणार नाही. पाण्यात उतरावं लागेल.

शेवटी एक सुचवणं आहे. महिन्यातून एकदा, शाळेच्या व्हरांड्यात किंवा देवळाच्या सभामंडपात, जमतील तेवढ्यांनी आपापल्या वह्या एकमेकांपुढे उघडाव्यात. नंबर काढू नयेत, बक्षिसं ठेवू नयेत, परीक्षक बोलावू नयेत. पोरांनी आजोबांची तिफण पाहावी, आजोबांनी पोरांचा बैल पाहावा, बायकांच्या वहीतल्या रांगोळ्या पुरुषांनी निवांत बघाव्यात आणि ज्याने काढलं त्याला त्याच्या चित्राबद्दल विचारावं. डोणगावसारख्या गावात हे कुणाच्याही मदतीवाचून करता येतं. वर्षभर चाललं तर गावाकडे आपल्या हाताने केलेली आपली नोंद असेल, आणि "मले नाही येत" म्हणणारं माणूस गावात शोधावं लागेल.

डोणगाव, ता. मेहकर, जि. बुलढाणा